दहा मिनिटांनंतरचं काम

मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

सकाळी सव्वासहा, परळ

सगळ्या ठिकाणचे बॅकअप मध्यरात्रीनंतर सुटतात, त्यामुळे दिवसाचं पहिलं काम चहाच्या आधी फोनवरच होतं. ‘बॅकअप झाला’ एवढ्या निरोपावर मी थांबत नाही, फाइलचा आकार बघते. ग्रंथालयात काल पुस्तकांची देवघेव झाली असेल तर रात्रीची फाइल आदल्या दिवसापेक्षा जराशी मोठी हवी. ती एकदम निम्म्यावर आली तर निरोप काहीही म्हणो, काहीतरी राहून गेलंय. आज सगळे आकार ठीक आहेत.

मग प्रमाणपत्रं. लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रं फुकट मिळतात, नव्वद दिवस चालतात आणि नीट बसवली असतील तर आपोआप नवी होतात. मुदत संपत आली की त्यांची ईमेल यायची, ती या जूनपासून बंद झाली. तेव्हा ही पाळत आता ज्याची त्याने ठेवायची. त्यासाठी ‘अपटाइम कुमा’ हे छोटं मुक्त स्रोत सॉफ्टवेअर मी घरच्या जुन्या लॅपटॉपवर चालवते. कुठलं संकेतस्थळ उघडत नाही, कुणाचं प्रमाणपत्र संपत आलंय, हे ते मला सांगतं.

दादर, परळ, लालबाग, गिरगाव या पट्ट्यातल्या छोट्या संस्थांना आणि दुकानांना मुक्त स्रोत सॉफ्टवेअर बसवून द्यायचं आणि ते चालतं ठेवायचं, हा माझा धंदा. बसवायला आता फार वेळ लागत नाही. सगळं जुळवून ठेवलेली तयार पॅकेजं मिळतात, दहा मिनिटांत पाटी झळकते. माझा दिवस जातो तो त्या दहा मिनिटांनंतरच्या कामात.

सात

दुकानं उघडायच्या आत अपडेट उरकायचे. आज दोनच आहेत, पण दिवाळीच्या आठवड्यात दोन्ही जपून.

ज्यांच्याकडे सॉफ्टवेअर बसवते त्यांना हे पॅकेज प्रकरण मी एकदा तरी समजावून सांगते. वेबवर चालणारं कुठलंही सॉफ्टवेअर एकटं उभं राहत नाही. वर्डप्रेसला पीएचपी लागतं, माहिती ठेवायला मारियाडीबी किंवा मायएसक्यूएल लागतं, दारावर अपाची किंवा एनजिनएक्स लागतं. पूर्वी हे सगळं एकेक उतरवायचं, एकमेकांशी पटणाऱ्या आवृत्त्या शोधायच्या, हाताने जोडायचं. २००२ साली अपाची फ्रेंड्स या गटाने झॅम्प काढलं आणि हा पाया एका इन्स्टॉलरमध्ये आला. कॉलेजच्या लॅबमध्ये आमच्यातले कितीतरी जण त्याच्यावरच शिकले. पुढे बिटनामीने नुसता पाया न देता वर्डप्रेस, मूडल, रेडमाइन अशी अख्खी सॉफ्टवेअर पायासकट बांधून दिली. २००८मध्ये टर्नकी लिनक्स आलं, त्यात ऑपरेटिंग सिस्टमही सोबत. मार्च २०१३मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी पायकॉन परिषदेत डॉकर दाखवलं आणि इमेज हा शब्द आमच्या रोजच्या बोलण्यात आला.

डॉकरमध्ये सॉफ्टवेअर इमेजमध्ये असतं आणि तुमची माहिती तिच्या बाहेर, व्हॉल्यूममध्ये. इमेज कधीही फेकून नवी आणता येते. व्हॉल्यूम फेकला की संस्थेचं सगळं गेलं. नव्या ठिकाणी गेले की मी आधी व्हॉल्यूम कुठे आहे ते शोधते आणि मग इमेजचा टॅग, म्हणजे तिच्या आवृत्तीची खूण, बघते. टॅगच्या जागी ‘लेटेस्ट’ लिहिलेलं असेल तर तिथे पक्का आकडा घालते. ‘लेटेस्ट’ म्हणजे पुढच्या वेळी जे येईल ते. मला काय येणार आहे ते आधी ठाऊक असलं पाहिजे.

दोन्ही अपडेट साडेआठपर्यंत झाले. आधी बॅकअप, मग नवी इमेज, मग लॉगिन करून एक खरी नोंद उघडून बघायची. नुसतं पहिलं पान दिसलं म्हणजे सगळं चालतंय असं होत नाही.

साडेनऊ, लालबाग

भारतमाता टॉकीजवरून चालत चिवडा गल्लीत. वसुबारस शुक्रवारी आहे, त्यामुळे गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. कढया चालू, पोती उतरतायत, गल्लीभर तळलेल्या पोह्यांचा आणि कढीपत्त्याचा वास. दुकानाच्या पोटमाळ्यावर एक मिनी पीसी आहे, त्यावर ईआरपीनेक्स्ट चालतं. हे सॉफ्टवेअर मुंबईचंच. ऋषभ मेहता यांनी २००८मध्ये सुरू केलेल्या आणि आज फ्रॅपे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीचं. परवाना जीपीएल तीन. साठा, खरेदी, बिलं, खातेवही, सगळं त्यात आहे. दर माणशी दर महिन्याचं भाडं नाही, म्हणून काउंटरवरच्या प्रत्येक मुलाला स्वतःचं लॉगिन देता येतं. एकाच लॉगिनवर चार जण बिलं फाडत असतील तर चूक कुणाची, हे कधीच सापडत नाही.

ईआरपीनेक्स्टच्या तयार डॉकर मांडणीत बऱ्याच गोष्टी एकदम उभ्या राहतात: डेटाबेस, दोन रेडिस, मागची कामं उरकणाऱ्या रांगा, वेळापत्रक सांभाळणारा शेड्युलर, पुढचं दार. हाताने हे जोडायला दोन दिवस गेले असते. पण चाखून बघण्यासाठी दिलेल्या नमुना फाइलमध्ये प्रशासकाचा पासवर्ड ‘ॲडमिन’ असतो आणि दार ८०८० क्रमांकावर उघडं. तशीच फाइल इंटरनेटवर चढवून निघून गेलेली माणसं मी पाहिली आहेत. शिवाय आपल्या जीएसटीसाठी लागणारं ‘इंडिया कम्प्लायन्स’ हे ॲप त्या तयार इमेजमध्ये नसतं. ते घालून स्वतःची इमेज बांधावी लागते. ती मी रात्री घरी बांधते आणि टॅगमध्ये तारीख घालते. चिवड्याच्या पाकिटावर घटक आणि बांधल्याची तारीख छापतात, तसं इमेजचंही हवं: आत काय आहे आणि कधी बांधलं. म्हणजे पुढे काही बिनसलं तर कुठल्या दिवशीच्या इमेजवर परत जायचं ते कळतं.

आजचा घोळ जीएसटीचा. २२ सप्टेंबरपासून पाकीटबंद फरसाण-चिवड्यावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ वर आला. सुट्या चिवड्यावर आधीपासून ५च होता. ईआरपीनेक्स्टमध्ये वस्तूच्या कराच्या तक्त्यात ‘कधीपासून लागू’ असा रकाना असतो. तिथे तारीख घातल्यामुळे २१ तारखेपर्यंतची बिलं १२नेच राहिली आणि २२पासूनची ५ची झाली. तिथवर सगळं बरोबर. काल कल्याणच्या एका व्यापाऱ्याने सप्टेंबरच्या मध्यात घेतलेली काही पाकिटं परत पाठवली, आणि काउंटरवरच्या मुलाने परतीची नोंद नवी कोरी केली. साहजिकच त्यात ५ टक्के लागले. परतीची नोंद मूळ बिलाला धरून, मूळ दराने व्हायला हवी.

“ताई, मी बरोबर वस्तू टाकली होती,” तो म्हणाला.

“वस्तू बरोबरच आहे रे. मूळ बिल उघड, आणि त्याच्यातूनच रिटर्न काढ. दर आपोआप मागचा येईल.”

त्याने करून बघितलं, १२ आले. चुकीची नोंद रद्द केली. त्याने स्वतःहून मोबाइलवर त्या पडद्याचा फोटो काढून दुकानाच्या ग्रुपवर टाकला. या मुलाला मी पुढच्या महिन्यात बॅकअप बघायला शिकवणार आहे.

खालून काकांचा आवाज: “काय गो, झाला काय तुझा काम? वर चाय धाडू?” चहा आला. तोवर मी मिनी पीसीच्या पंख्यावरची तेलकट धूळ पुसून काढली. या गल्लीत सर्व्हरला सगळ्यात जास्त त्रास धुळीचा. ती पुसायला कुठल्याही पॅकेजमध्ये आज्ञा नाही, महिन्याला पोटमाळ्यावर चढावंच लागतं.

पावणेबारा, दादर

एल्फिन्स्टनचा पूल गेल्या महिन्यात पाडकामासाठी बंद झाला, तेव्हापासून पूर्व-पश्चिमेचा सगळा भार टिळक पुलावर आलाय. बस खोदादाद सर्कलला सोडली आणि पुलावरून चालत गेले. मंगळवार, त्यामुळे सिद्धिविनायकाला निघालेली माणसं. रानडे रोडला कंदील, रांगोळी, पणत्या. एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दिवाळी अंकाचं ऑफिस.

१९०९मध्ये का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा. हे ऑफिस म्हणजे दोन टेबलं आणि भिंतभर जुने अंक. लेखांची हस्तलिखितं, चित्रं, प्रुफं, जाहिरातींच्या फाइली हे सगळं ते नेक्स्टक्लाउडवर ठेवतात, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवरच्या सामायिक कपाटात. आधी बसवणाऱ्याने टॅग ‘लेटेस्ट’ ठेवला होता आणि नंतर तो फिरकलाच नाही. काल इथल्या सहायकाने कुठेतरी वाचून नवी इमेज ओढली, आणि नेक्स्टक्लाउड उठेनाच.

“ताई, सगळं उडालं का हो?” संपादकांनी दारातच विचारलं. अंक छापून आलाय, पण वर्गणीदारांच्या पत्त्यांची फाइल त्यातच आहे आणि आज बांधणीवाल्याकडून गठ्ठे येणार.

काहीच उडालं नव्हतं. नेक्स्टक्लाउडच्या मोठ्या आवृत्त्या एकेक करूनच चढाव्या लागतात. इथे २९ होती, काल ३२ आली, आणि इमेजने सुरू होतानाच साफ नकार दिला: एका वेळी एकच पायरी चढता येईल. मला हा नकार फार मोलाचा वाटतो. इमेज बांधणाऱ्याने हा अडसर मुद्दाम घातलाय. तो नसता तर डेटाबेस अर्धा जुना, अर्धा नवा होऊन बसला असता, आणि मग खरोखरच उडालं असतं. आधी व्हॉल्यूमची प्रत बाहेर काढली. टॅग परत २९ केला, सुरू झालं. पत्त्यांची फाइल उतरवून संपादकांच्या हातात दिली, म्हणजे त्यांचं काम थांबणार नाही. मग ३०, मग ३१, मग ३२. प्रत्येक पायरीला थांबून लॉगिन, एक फाइल उघडणं, एक चढवणं. शेवटी फाइलमध्ये ३२ असा आकडा लिहिला आणि त्याच्या शेजारी आजची तारीख.

सहायक बिचारा अवघडून उभा होता. त्याला म्हटलं, तू अपडेट करायला गेलास हे चांगलंच झालं, वर्षभर कुणी हातच लावला नव्हता. २९ला एप्रिलपासून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नव्हत्या. फक्त आधी प्रत, आणि आकडा एकने वाढवायचा.

भिंतीवरच्या जुन्या अंकांच्या पीडीएफही या कपाटात आहेत. बऱ्याचशा युनिकोडच्या आधीच्या फाँटमधल्या, त्यामुळे आतला मजकूर शोधून सापडत नाही. ते काम दिवाळीनंतर काढायचं ठरलं.

दोन, दादर

डबा त्यांच्याच टेबलावर खाल्ला. खाताना एका क्लासवाल्या सरांचा फोन: “ते बिटनामीचं काय झालं म्हणतात? आपलं मूडल बंद पडणार का?”

हा प्रश्न गेले दोन महिने मला बरेच जण विचारतायत, म्हणून इथे सविस्तर सांगते. बिटनामीची मुळं स्पेनमधल्या सेव्हिलच्या बिटरॉक या छोट्या कंपनीत, डॅनिएल लोपेझ यांची. वर्षानुवर्षं त्यांनी शेकडो मुक्त स्रोत सॉफ्टवेअर बांधून फुकट दिली. ॲमेझॉनच्या मुंबईतल्या सर्व्हरवर वर्डप्रेस बसवणाऱ्या कितीतरी जणांची पहिली ओळख ‘ऑप्ट’मधल्या बिटनामीच्या फोल्डरशीच झाली. २०१९मध्ये व्हीएमवेअरने ती कंपनी घेतली. नोव्हेंबर २०२३मध्ये व्हीएमवेअरच ब्रॉडकॉमकडे गेली. या वर्षी जाहीर झालं की बिटनामीच्या इमेजांचा मोठा फुकट साठा हलवला जाईल: जुन्या आकडेवार इमेज ‘बिटनामी लेगसी’ या वेगळ्या जागी जातील आणि त्यांना दुरुस्त्या मिळणार नाहीत, देखभालीतला पूर्ण संच विकत. तारीख आधी ऑगस्टअखेरची होती, मग सप्टेंबरच्या अखेरीस ढकलली.

यात सॉफ्टवेअर कुणाचंही गेलं नाही. मूडल मूडलचंच आहे, वर्डप्रेस वर्डप्रेसचंच. चालू असलेला सर्व्हरही बंद पडत नाही, कारण इमेज त्याच्यावर आधीच उतरलेली असते. अडतं ते नव्या यंत्रावर तीच इमेज ओढायला गेलं की, कारण जुन्या पत्त्यावर ती नाही. आणि मिळाली तरी उद्या सापडणारी भोकं तिच्यात बुजणार नाहीत. बांधून देण्याचं काम ही खरी मेहनत आहे आणि तिचे पैसे मागण्यात काही गैर नाही, असं माझं मत. पण म्हणूनच पॅकेज निवडताना सॉफ्टवेअर कुणी लिहिलं एवढंच बघून भागत नाही. ते बांधतं कोण, त्याचा खर्च कोण उचलतं आणि त्याने उद्या हात काढून घेतला तर आपण कुठून घेणार, हेही बघावं लागतं. जिथे मूळ प्रकल्प स्वतः पॅकेज देतो तिथे मी तेच घेते. डेबियनमध्ये असेल तर फारच उत्तम.

सरांना एवढंच सांगितलं: क्लास बंद पडणार नाही, नाताळच्या सुट्टीत आपण मूडल मूळ ठिकाणच्या पॅकेजवर हलवू, तोवर नवा प्लगइन घालू नका.

तीन, गिरगाव

भुयारी मेट्रोचा शेवटचा टप्पा गेल्या गुरुवारी सुरू झाला. दादरहून गिरगावला उन्हात न भाजता पोचता आलं, ऑक्टोबरमध्ये हे सुख मोठं आहे. ठाकूरद्वारच्या बाजूला एका चाळवजा इमारतीत पहिल्या मजल्यावर ग्रंथालय. अनुदान मिळतं, १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखालचं, पण ते पुस्तकांत आणि पगारात संपतं. संगणकासाठी दरमहा भाडं भरायचं म्हटलं तर कार्यकारिणी मान्य करणार नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. म्हणून इथे कोहा.

कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी लिहिलं गेलं. त्यांची जुनी प्रणाली २००० साल ओलांडू शकणार नव्हती. नवी विकत घेण्याऐवजी त्यांनी लिहून घेतली, जानेवारी २०००मध्ये चालू केली आणि सगळ्यांना मोकळी करून दिली. मला हा इतिहास आवडतो, कारण आज इथेही मुदतीचीच चर्चा आहे: विंडोज १०चा आधार आज, १४ ऑक्टोबरला संपला. काउंटरवरची यंत्रं जुनी, त्यांच्यावर ११ चढत नाही. ग्रंथपाल बाईंना कुणीतरी सांगितलंय की सगळे संगणक नवे घ्यावे लागतील.

“बाई, कोहा तुमच्या या संगणकावर नाहीच. ते आतल्या खोलीतल्या सर्व्हरवर आहे. इथे फक्त ब्राउझर लागतो.”

एका यंत्रावर मी डेबियन १३ घालून दिलं, ऑगस्टमध्ये आलेलं. इन्स्क्रिप्ट कळफलक लावला, ब्राउझर उघडला की थेट देवघेवीचं पान. बाईंनी दोन पुस्तकं दिली, एक घेतलं. त्यांना फरक एवढाच जाणवला की सुरू व्हायला वेळ कमी लागतो. बाकीच्या यंत्रांचं शनिवारच्या सभेत ठरेल.

पण इथलं आजचं मोठं काम दुसरंच. एक सभासद ‘वाऱ्यावरची वरात’ शोधत होते. कपाटात प्रती दिसतात, पडद्यावर मात्र सगळ्या येत नाहीत. बाईंनी दोन नोंदी शेजारी शेजारी उघडून दाखवल्या. नाव अक्षर न अक्षर सारखं. तरी शोधात एक सापडते, दुसरी नाही.

कारण ‘ऱ्या’मध्ये आहे. हा अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे ऱ हे युनिकोडमधलं स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त आणि पुढे य. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एकसारखे. ज्यांनी पहिली काही हजार पुस्तकं चढवली त्यांचा कळफलक एक, नंतरच्यांचा दुसरा. माणसाला फरक कळत नाही, यंत्राला हे दोन वेगळे शब्द वाटतात. आणि मराठीत दऱ्या, सुऱ्या, गोऱ्या, वाऱ्या, शेतकऱ्यांचा असा हा ऱ्या पदोपदी येतो.

कोहाचा शोध झेब्रा नावाचं इंजिन करतं. तयार पॅकेजमध्ये ते इंग्रजीसाठी बेतलेलं असतं. देवनागरीसाठी ते आयसीयू या युनिकोडच्या पद्धतीवर न्यावं लागतं, ते आम्ही बसवतानाच केलं होतं. आज त्या आयसीयूच्या फाइलमध्ये एक नियम वाढवला: जोडचिन्हाचा ‘र’ दिसला की सूची करण्याआधी तो ‘ऱ’ समजायचा. हाच नियम शोधणाऱ्याने टाकलेल्या शब्दालाही लागतो, म्हणून कोणी कसंही टाइप केलं तरी गाठ पडते. मग सगळ्या संग्रहाची सूची नव्याने. ती चालू असताना बाईंनी खिडकीवर आलेल्यांना कागदावर पुस्तकं दिली.

सूची झाली. ‘वाऱ्यावरची’ टाकलं, सगळ्या प्रती आल्या. मग बाई स्वतःच एकेक टाकत गेल्या, ‘शेतकऱ्यांचा’, ‘कोऱ्या’, आणि दर वेळी यादी पूर्वीपेक्षा लांब येत होती. कित्येक वर्षं ही पुस्तकं कपाटात असून नसल्यासारखी होती. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून माझाही थकवा गेला.

बाहेरगावी बसलेला पॅकेज बांधणारा कितीही हुशार असला तरी मराठीचा हा ‘ऱ्या’ त्याला सुचणार नाही. ते आपल्याला घालावं लागतं, आणि घातलेलं टिकवावं लागतं. कोहाचं डेबियन पॅकेज यात मला विश्वासाचं वाटतं. पुढच्या अपडेटला डेबियनला तुम्ही बदललेली फाइल दिसली तर ते थांबून विचारतं: तुमची ठेवू की नवी घालू? ‘तुमची ठेव’ हे उत्तर मी ग्रंथालयाच्या वहीत कारणासकट लिहिलं. उद्या माझ्या जागी दुसरं कुणी आलं तर नवी फाइल घालून हे सगळं पुसून टाकायला नको.

याच पॅकेजमध्ये रोजचा बॅकअपही येतो, पण तो त्याच डिस्कवर पडतो आणि मोजकेच दिवस राहतो. डिस्क गेली की दोन्ही गेले. म्हणून एक प्रत चिटणीसांच्या घरी आणि एक मुंबईबाहेरच्या भाड्याच्या जागेत. हिंदमाता आणि आसपास पाणी भरलेलं पाहत वाढलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही.

पावणेसहा, लॅमिंग्टन रोड

ऑपेरा हाउसवरून चालत. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, बोलण्यात लॅमिंग्टन रोडच. एक एसएसडी घेतली. दुकानदाराने एक छोटा एआरएमचा बोर्ड दाखवला, स्वस्त आणि वीज कमी खाणारा. चांगला आहे, पण घेण्याआधी आपल्याला लागणाऱ्या प्रत्येक इमेजच्या पानावर एआरएम६४ आहे का ते बघावं. काही फक्त एएमडी६४साठीच बांधलेल्या असतात, त्या इथे सुरूच होत नाहीत. ग्रँट रोडहून धीमी लोकल, प्रभादेवीला उतरून पादचारी पुलाने परळ.

साडेसात, लालबाग

एका गणेशोत्सव मंडळाचं कार्यालय. वर्डप्रेस आहे, चालतंय, अपडेट आहे. अडचण डोमेनची. ते मंडळाच्या नावावर नाही, पूर्वीच्या एका कार्यकर्त्याच्या खाजगी ईमेलवर नोंदवलेलं आहे. तो आता परदेशात असतो. माणूस भला आहे, फोनवर लगेच तयार झाला आणि आजच हस्तांतर सुरू केलं. तो सापडला नसता तर मंडळाचा पत्ता, पावत्यांवर छापलेला, हातचा गेला असता. सर्व्हर नवा बांधता येतो, पॅकेज परत उतरवता येतं. डोमेन गेलं तर परत येईल याची खात्री नाही.

साडेनऊ, परळ

जेवणानंतरचं काम मी कधी टाळत नाही: एका ठिकाणचा बॅकअप उचलायचा आणि रिकाम्या यंत्रावर पुन्हा उभा करायचा. आज ग्रंथालयाची पाळी. नवी एसएसडी लावली, डेबियन, कोहाचं पॅकेज, मग संध्याकाळी काढून घेतलेली फाइल. वहीत लिहिलेल्या पायऱ्यांनीच करायचं, आठवणीने नाही, म्हणजे वहीत काय राहिलंय ते कळतं. आज कळलं की ‘ऱ्या’चा नियम असलेली फाइल बॅकअपमध्ये येत नाही, ती वेगळी घालावी लागते, ही नोंद वहीत नव्हती. नोंद घातली, फाइलही घातली. शोधून पाहिलं, सगळ्या प्रती आल्या. लागलेला वेळ शेजारी लिहिला, कारण एखाद्या दिवशी बाई विचारतील, किती वेळ बंद राहील, तेव्हा अंदाजाने नव्हे, या आकड्यावरून सांगायचं आहे.

ग्रंथालय, मंडळ, शाळा, दुकान, पतपेढी चालवणाऱ्या वाचकांना एक विनंती. येत्या आठवड्यात लक्ष्मीपूजनाला हिशेबाच्या वह्या मांडाल, तेव्हा त्यांत एक पान वाढवा. आपल्याकडे कुठलं सॉफ्टवेअर चालतं, त्याची कुठली आवृत्ती, माहिती कुठल्या डिस्कवर, प्रत कुणाच्या घरी, डोमेन कुणाच्या नावावर आणि कधीपर्यंत, आणि बॅकअप शेवटचा कधी उभा करून पाहिला. ज्या रकान्यापुढे काही लिहिता येणार नाही, तिथून पाडव्यानंतर कामाला सुरुवात करा. पासवर्ड त्या पानावर लिहू नका. ते बंद पाकिटात, दोन विश्वस्तांच्या सहीने, कपाटात ठेवा.